एका वेळी एकच काम: सुरुवात कशी करावी

डोकं लागणारी दोन कामं मेंदू एकत्र करत नाही, तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट सोडलेल्या कामात थोडं लक्ष अडकून राहतं आणि पुढचं काम कच्चं होतं. कपड्यांच्या घड्या घालताना गाणी खुशाल ऐका. हिशोब तपासताना मात्र फोनवर बोलू नका, आकडे हमखास चुकतात.

बसण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा, पण नेमकी. नुसतं 'अहवाल' लिहिलंत तर दहा मिनिटांत भरकटाल. 'अहवालाच्या दुसऱ्या भागाचा कच्चा मसुदा' असं लिहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा ठेवून भागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. २५ मिनिटांचा गजर साध्या घड्याळात लावा.

मधेच 'वीजबिल भरायचं राहिलं' हे आठवणारच. उठू नका. शेजारच्या कागदावर 'वीजबिल' एवढंच खरडा आणि परत कामाला लागा. लिहिलं की विसरण्याची धास्ती जाते. ही एक सवय जडली तरी निम्मी लढाई जिंकलीत.

कुणी हाक मारली आणि उठावंच लागलं, तर आधी पुढची पायरी लिहून ठेवा: 'तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासायची'. परतल्यावर चाचपडावं लागत नाही.

गजर वाजला की ५ मिनिटं पाय मोकळे करा, पण फोन उघडू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला अशा दोनच बैठका पुरेत.