लिमोजची जुनी प्लेट आधी उलटी करून बघा

इकडे अमेरिकेत एस्टेट सेलला (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो सेल) जुन्या फ्रेंच क्रोकरीचे सेट भरपूर निघतात आणि आपल्यातले बरेच जण "लिमोज कंपनीचा सेट मिळाला" म्हणून फोटो पाठवतात. तर लिमोज ही कंपनी नाहीये, ते फ्रान्समधलं शहर आहे. त्याच्या दक्षिणेला १७६८च्या सुमारास केओलिन, म्हणजे पोर्सिलेनची पांढरी माती सापडली, १७७१ला लिमोजमध्ये पहिला कारखाना निघाला आणि मग कितीतरी निघाले. त्यामुळे नुसतं लिमोज वाचून मेकर कळत नाही.

मेकर कळायला प्लेट उलटी करायची आणि शिक्के किती आहेत ते मोजायचं, बहुतेक वेळा दोन असतात. एक हिरवा, ग्लेझच्या म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या खालचा, त्यावर नख फिरवलं तरी काहीच हाताला लागत नाही, तो ज्याने पांढरी प्लेट बनवली त्याचा. दुसरा लाल, निळा वगैरे, ग्लेझच्या वर मारलेला, तो ज्याने नक्षी केली त्याचा. हॅविलंड या लिमोजच्याच एका कंपनीच्या मालावर हे छान बघायला मिळतं (डेव्हिड हॅविलंड मूळचा न्यूयॉर्कचा व्यापारी, १८४०च्या दशकात लिमोजला जाऊन राहिला, म्हणून तर अमेरिकेत हा माल एवढा आहे).

फक्त हिरवाच शिक्का असेल आणि वर फुलं रंगवलेली असतील तर लगेच नकली म्हणू नका हां! कोऱ्या प्लेटा इकडे यायच्या आणि बायका घरी बसून रंगवायच्या. माझ्याकडे अशी एक आहे, गुलाबाच्या एका पाकळीवर ब्रशचा केस चिकटला होता, त्याची खूण रंगात तशीच भाजली गेलीय, मला तीच सगळ्यात प्रिय आहे.

सालाचा अंदाज हवा असेल तर शिक्क्यात फ्रान्स हा शब्द शोधा. अमेरिकेच्या १८९०च्या टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं, म्हणून तो शब्द असेल तर प्लेट बहुतेक १८९१ नंतरची.

घ्यायच्या आधी प्लेट बोटांच्या टोकांवर धरून नखाने हलकेच टिचकी मारा, चांगली असेल तर घंटीसारखी वाजते आणि बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग उजेडासमोर धरून बघा, दिसतोच.

आणि सोनेरी काठाची प्लेट मायक्रोवेव्ह किंवा डिशवॉशरमध्ये अजिबात घालायची नाही, हातानेच धुवायची, ठेवताना प्रत्येक दोन प्लेटांमध्ये पेपर नॅपकिन घाला.