गेम रँचवरच्या कॅमेऱ्यात प्राणी दिसत नाहीत? या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतला लिम्पोपो प्रांत किंवा नामिबियाचा मधला पट्टा इथल्या 'गेम रँच' म्हणजे कुंपण घातलेल्या खासगी जमिनी. त्यावर गुरांऐवजी कुडू, इम्पाला, झेब्रा, वाइल्डबीस्ट असे वन्यप्राणी पाळले जातात. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार, पुरेसे कुंपण असेल तर त्यातल्या प्राण्यांवरचा मालकीहक्क जमीनमालकाकडेच राहतो. त्यामुळे तिथले कॅमेरे नुसत्या हौसेचे नसतात, जनावरांची हजेरीही त्यांच्यावरच घेतली जाते. कॅमेरे दोन तऱ्हेचे असतात. पाणवठ्यावरचा, इंटरनेटवरून थेट दिसणारा एक आणि झाडाला किंवा खांबाला बांधलेला, हालचाल झाली की फोटो काढणारा कॅमेरा ट्रॅप दुसरा. दोघांबद्दलची तक्रार मात्र एकच असते, 'काही दिसतच नाही'. अशा वेळी कॅमेरा बदलायची घाई करू नका. दहातल्या नऊ वेळा त्याचे तोंड, घड्याळ, सेल किंवा समोरचे गवत यांतच काहीतरी चुकलेले असते.

भारतातली दिशा तिकडे वापरणे

भारतात कॅमेरा ट्रॅपचे तोंड उत्तरेकडे ठेवायचे, म्हणजे ऊन भिंगात शिरत नाही. बहुतेक माहितीपुस्तिकाही हेच सांगतात, कारण त्या उत्तर गोलार्धासाठी लिहिलेल्या असतात. लिम्पोपोतून मकरवृत्त जाते. तिथे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य उत्तरेकडूनच फिरतो आणि जूनच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा उत्तर क्षितिजापासून जेमतेम ४३ अंश वर येतो. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे हवे. पाणवठ्यावर याचा साधा अर्थ असा की खांब उत्तरेच्या काठावर रोवायचा.

पूर्व-पश्चिम तोंड तर टाळाच. प्राण्यांची ये-जा पहाटे आणि सांजेला जास्त असते, नेमका तेव्हाच सूर्य भिंगासमोर असतो. फोटो पांढरेफटक येतात, आणि पाण्यावर चकाकणाऱ्या लाटांनी सेन्सर विनाकारण चालू होत राहतो.

सोलर पॅनलचे बरोबर याच्या उलट. ते उत्तरेकडे तोंड करून लावायचे, कोरड्या हिवाळ्याचा विचार करून साधारण ३० ते ३५ अंश कलते. सवयीने दक्षिणेकडे लावलेले पॅनल उन्हाळ्यात कसेबसे निभावते आणि जूनच्या हिवाळ्यात बॅटरी पहाटेच्या आत बसते. तेव्हा सगळे बॅटरीला दोष देतात.

सेन्सर काय पाहतो हे न समजणे

कॅमेरा ट्रॅपमधला सेन्सर प्राणी ओळखत नाही. मागच्या जमिनीपेक्षा कमी-अधिक गरम असे काहीतरी त्याच्या समोरून सरकले की तो कॅमेऱ्याला जागे करतो. यातून दोन विरुद्ध तक्रारी निघतात.

पहिली, कार्डवर हजारो फोटो आणि सगळे रिकामे. उन्हाने तापलेले गवत वाऱ्यावर डोलले तरी सेन्सरला पुरते. टांझानियातल्या 'स्नॅपशॉट सेरेंगेटी' प्रकल्पात २२५ कॅमेऱ्यांनी पहिल्या तीन वर्षांत सुमारे १२ लाख फोटोसंच दिले, त्यांतल्या जेमतेम सव्वातीन लाखांत वन्यप्राणी होते. त्यामुळे रिकामे फोटो येणारच, पण कमी करता येतात. कॅमेऱ्यासमोरचे गवत पाच-सहा मीटरपर्यंत बुंध्यापासून कापा, नुसते तुडवून चालत नाही. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळ्यात ते दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कापावे लागते. कॅमेरा मांडीएवढ्या जाड खोडाला बांधा. मनगटाएवढ्या बाभळीला बांधलेला कॅमेरा झाडाबरोबर स्वतःच हलतो, मग त्याच्या लेखी सगळे रान हलत असते.

दुसरी तक्रार, मातीत ताजे खूर उमटलेले आहेत पण फोटो नाही. ऑक्टोबरात, पहिल्या पावसाआधी, दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो. जनावराच्या अंगाची आणि जमिनीची उष्णता सारखी झाली की सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. त्या महिन्यात संवेदनशीलता 'हाय' ठेवा, आणि पाणवठ्यावर 'टाइम लॅप्स' चालू करून दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्या, सेन्सर काहीही म्हणो. हिवाळ्यातल्या वाऱ्याच्या दिवसांत उलट संवेदनशीलता मध्यम किंवा कमी ठेवा.

आणखी एक गोष्ट. सेन्सरला आडवे जाणारे जनावर लवकर कळते, सरळ अंगावर चालत येणारे उशिरा. त्यामुळे पायवाटेच्या रेषेत कॅमेरा लावला तर फोटोत नुसते शेपूट येते. अगदी काटकोनात लावला तर भरभर चालणारे जनावर फोटो निघेपर्यंत चौकटीबाहेर जाते. वाटेशी ४५ अंशांचा कोन हा चांगला मध्य.

उंची माणसाच्या छातीएवढी ठेवणे

उभ्या माणसाला सोयीची ती उंची कॅमेऱ्याला सोयीची नसते. स्टीनबॉक हे छोटे हरीण खांद्यापाशी जेमतेम अर्धा मीटर असते, ईलँड हे सगळ्यांत मोठ्यांपैकी एक हरीण दीड मीटरच्या वर. वाटेवर ५०-६० सेंटीमीटर आणि पाणवठ्यावर ७० ते ९० सेंटीमीटर उंची, जनावर जिथे उभे राहील ती जागा पाच ते सात मीटरवर, असे ठेवले की दोघेही मिळतात. उंची जमिनीपासून मोजा, पण ती जनावर उभे राहते तिथल्या जमिनीपासून. मधे खोलगट जागा असेल तर फरक पडतो. लावून झाल्यावर 'वॉक टेस्ट' (सेन्सरला हालचाल कळली की दिवा लुकलुकवणारी चाचणी) चालू करून समोरून रांगत जा. दिवा लुकलुकला नाही तर वॉर्टहॉग या बुटक्या रानडुकरासाठीही लुकलुकणार नाही.

हत्ती किंवा गेंडे असलेल्या रँचवर नुसता पट्टा बांधून कॅमेरा सोडू नका. हत्ती उपटतो, गेंडा खांबाला अंग घासतो, तरस पट्टा चावतो आणि बबून माकड हाताला लागेल ते उघडून बघतो. पोलादी पेटी आणि बोल्ट लागतातच.

सेल आणि कार्ड

दिवसाचे फोटो छान आणि रात्रीचे काळे, असे झाले की आधी सेल बघा. दिवसा कॅमेऱ्याला फारसा विद्युतप्रवाह लागत नाही, रात्री इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे) दिवे पेटले की तो एकदम ओढला जातो आणि अर्धवट उतरलेल्या सेलचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. आठ पेन्सिल सेल एकापुढे एक असतील तर नवे अल्कलाइन मिळून १२ व्होल्ट देतात, रिचार्जेबल निकेलवाले ९.६ च. काही कॅमेऱ्यांना ते चालतात, काहींना नाहीत. पुस्तिकेत बघितल्याशिवाय भरू नका. जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो तेव्हा अल्कलाइन सेल आणखी ढेपाळतात. १.५ व्होल्टचे लिथियम सेल महाग पडतात, पण क्वचितच फेरी होणाऱ्या रँचवर तेच परवडतात. जुने-नवे सेल एकत्र कधीही घालू नका.

कार्ड ३२ जीबीचे घ्या आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ६४ जीबीची कार्डे वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होतात आणि जुने कॅमेरे ती वाचत नाहीत. कार्डाच्या कडेची छोटी कुलूपपट्टी खाली सरकली असेल तर कॅमेरा चालू दिसतो, साठवत काहीच नाही.

सेल बदलताना बऱ्याच कॅमेऱ्यांचे घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जाते. म्हणून कॅमेरा चालू केल्यावर पहिला आणि काढताना शेवटचा फोटो मोबाइलच्या घड्याळाचा घ्या. घड्याळ बिनसले असले तरी किती मिनिटांनी बिनसले ते त्यावरून काढता येते. तारखेचा क्रमही बघून ठेवा, नाहीतर ०५/०७ हा ५ जुलै की ७ मे यावर पुढे वाद घालत बसाल.

घरबसल्या पाहणाऱ्यांचे घड्याळ

दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया दोन्हीकडचे घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असते, बाराही महिने. जुलैत लिम्पोपोत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. डिसेंबरात तिथली संध्याकाळ आपल्याकडे सव्वादहाच्या पुढे जाते. संध्याकाळी सहाला चहा घेत कॅमेरा उघडला तर तिथे दुपारचे अडीच वाजलेले असतात. त्या वेळी फार तर वॉर्टहॉग चिखलात लोळताना दिसेल. जुलैची सकाळ गारठ्याची, त्यामुळे जनावरेही उशिरा येतात. आपल्याकडे दुपारी बारा-एकला, म्हणजे तिकडे साडेआठ-साडेनऊला बघणे फायद्याचे.

पावसाळा लागला की पाणवठा ओस पडतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. रानात जागोजागी डबकी साचतात, मग कुणी सिमेंटच्या हौदावर कशाला येईल? पाहायला बसायचे तर ऑगस्ट ते ऑक्टोबर.

रात्री पडदा दुधासारखा पांढरा

दिव्यावर किडे येतात, किड्यांवर कोळी येतात, आणि भिंगापुढचे एक जाळे सगळा उजेड परत फेकते. कॅमेऱ्यातला दिवा बंद करा आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा एक-दोन मीटर बाजूला लावा. गोल घुमटवाल्या कॅमेऱ्यांत घुमटाची काचच चकाकते, तिथेही हाच उपाय. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो पण अंधुक लाल दिसतो, ९४० चा दिसत नाही पण कमी पोचतो आणि चित्र रवाळ येते. सावध बिबट्याच्या वाटेवर ९४०, मोठ्या पाणवठ्यावर ८५०.

वीज आणि डेटाचा हिशेब न करणे

४ एमबीपीएसने २४ तास प्रक्षेपण केले तर दिवसाला ४३ जीबी डेटा जातो. मोबाइल डेटावर चालणाऱ्या रँचला हे झेपत नाही, २ एमबीपीएस पुरेसे असते. कॅमेरा आणि चित्र पाठवणारा रेडिओ मिळून १५ वॅट धरले तरी दिवसाला ३६० वॅट-तास होतात. तीन ढगाळ दिवस काढायचे तर जवळपास ११०० वॅट-तास साठा हवा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरावी लागते, म्हणजे एक अपुरी पडते. दोन घ्या किंवा तेवढ्याच क्षमतेची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पॅनल १५० वॅटचे.

एकच कळप चाळीसदा मोजणे

हौदावर तासभर थांबलेल्या इम्पालांचे चाळीस फोटो म्हणजे चाळीस कळप नव्हेत. एकाच जातीच्या दोन फोटोंत निदान ३० मिनिटांचे अंतर असेल तरच वेगळी नोंद, हा संशोधनात रुळलेला नियम इथेही पाळा. झेब्रा आणि बिबट्या पट्ट्या-ठिपक्यांवरून एकेक ओळखता येतात, पण डावी आणि उजवी बाजू वेगळी असते. त्यासाठी वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावा, फक्त अगदी समोरासमोर नको, एकाच्या उजेडाने दुसऱ्याचा फोटो जळतो.

पाणवठ्यावर दिसला नाही म्हणून प्राणी रँचवर नाही असे लिहू नका. झेब्रा, वाइल्डबीस्ट, वॉटरबक यांना पाणी लागतेच. स्टीनबॉक, गेम्सबॉक चाऱ्यातल्या ओलाव्यावर बराच काळ काढतात. फिकट सोनेरी वाइल्डबीस्ट किंवा काळी इम्पाला दिसली तर नवी जात सापडली असेही समजू नका. हे रंग रँचवर मुद्दाम पैदास करून वाढवलेले असतात.

उलट बिबट्या आणि लांब केसांचा तपकिरी तरस यांना कुंपणाचा हिशेब लागू नाही. जनावरे उडी मारून जाऊ नयेत म्हणून कुंपण सुमारे २.४ मीटर उंच असते, पण वॉर्टहॉग त्याच्या खालून बोगदे काढतात आणि हे दोघे तिथून ये-जा करतात. एक कॅमेरा अशा बोगद्यापासून तीन मीटरवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा. त्यातले प्राणी मालकाच्या मोजणीत धरू नका, वेगळ्या यादीत लिहा. गेंड्याचा फोटो असेल तर चोरट्या शिकाऱ्यांना जागा कळू नये म्हणून त्यातली जीपीएस नोंद पुसल्याशिवाय आणि मागची टेकडी, पवनचक्की कापल्याशिवाय तो कुणालाही पाठवू नका.