पिल्लू दत्तक देण्याआधीची तयारी

भाद्रपद सरला की दोनेक महिन्यांत गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण 63, त्यामुळे हा हिशोब फारसा चुकत नाही. आई जवळपास असेल आणि पिल्लं अंगावर पीत असतील, तर ती आठ आठवड्यांची होईपर्यंत उचलू नका. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लं आईच्या आणि भावंडांच्या सोबतीत शिकतात. हातात आलेलं पिल्लू खरंच पोरकं असेल, तर पहिलं काम वय ओळखण्याचं. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. त्यांतले समोरचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडून नवे येतात. अंदाजाने ‘दीड महिना’ सांगून पिल्लू तीन महिन्यांचं निघालं, तर लसींचं वेळापत्रकच बिघडतं.

घर शोधण्याआधी दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार. पार्व्हो बहुधा लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांत दिसतो, डिस्टेंपरला जास्त वेळ लागू शकतो. उड्या मारणारं पिल्लू शनिवारी दिलं आणि मंगळवारी ते सलाइनवर गेलं, असं होतं ते यामुळेच. या काळात जंताचं औषध पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लाला पिशवीत बसवून सामानाच्या काट्यावर वजन घ्या. गोचिडं हाताने किंवा चिमट्याने काढा. गुरांचं गोचिडाचं औषध लहान पिल्लाला कधीही लावू नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळावा आठवडा होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीचा जोर मारते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांना. पहिल्या लसीनंतर निदान आठवडा जाऊ द्या, मगच पिल्लू हलवा.

दत्तकाच्या जाहिरातीसाठी फोटो सकाळच्या उजेडात, जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा. एक चेहऱ्याचा, एक बाजूने पूर्ण उभा, शिवाय अर्ध्या मिनिटाचा चालतानाचा व्हिडिओ. मजकुरात वय, नर की मादी, झालेल्या लसी, स्वभाव आणि भाग लिहा. ‘वाचवा, नाहीतर रस्त्यावर जाईल’ असलं काही लिहू नये. त्याने दया येणारे फोन येतात, आणि दया महिन्याभरात ओसरते. गावठी पिल्लू मोठं होऊन बहुधा पंधरा ते वीस किलोंचं होतं, हेही आधीच लिहा. मादीला विचारणारे कमी असतात. ‘पुढे पिल्लं होतील’ ही त्यांची भीती नसबंदीने मिटते, तेही त्याच मजकुरात सांगून टाका.

खरी निवड फोनवर होते. ‘तुम्हाला कुत्री आवडतात का’ याला सगळेच हो म्हणतात, म्हणून तो प्रश्न सोडून द्या. घर भाड्याचं आहे का, आणि मालकाची लेखी परवानगी आहे का, हे विचारा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण भाडेकराराचा प्रश्न त्याने सुटत नाही. घर सलग किती तास रिकामं असतं? दोन महिन्यांचं पिल्लू तीनेक तासांपेक्षा जास्त लघवी धरू शकत नाही, त्यामुळे दोघंही नऊ तास बाहेर असणाऱ्यांनी मोठं कुत्रं घ्यावं. गणपतीला गावी जाताना ते कुणाकडे राहील? घरातल्या वडीलधाऱ्यांना चालेल का? (हे त्यांच्याशीच बोलून घ्या, मुलाच्या तोंडून नको.) गेल्या वर्षभरात त्या घरात एखादं पिल्लू दगावलं का, हेही विचारा. पार्व्होचा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. एका भागाला तीस भाग पाणी घालून केलेलं ब्लीच लागतं. ‘राखणीला हवंय’ किंवा ‘फार्महाउसवर मोकळं राहील’ असं ऐकू आलं, तर सरळ नाही म्हणा. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या भागात अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. मे महिन्यात मुलांच्या हट्टापायी आलेला फोनही जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुन्हा करायला सांगा.

मग घर बघायला जा. बाल्कनीच्या ग्रिलमधून पिल्लाचं डोकं जात असेल, तर अंगही जातं. जाळी लागेपर्यंत ताबा देऊ नका. झोपायची जागा दाखवा म्हटल्यावर गच्चीकडे बोट गेलं, तर चहा पिऊन निघावं.

कागदावर थोडंच लागतं: ओळखपत्राची आणि पत्त्याची प्रत, नसबंदीची अट, दुसऱ्या कुणालाही परस्पर न देण्याची अट, आणि नाही जमलं तर पिल्लू आपल्याकडेच परत येईल ही ओळ. ही शेवटची ओळ नुसती लिहू नका, दारात उभं राहून बोलून दाखवा. नाहीतर लाजेपोटी लोक पिल्लू हायवेला सोडतात. नसबंदीसाठी परत मिळणारी अनामत घेतलेली बरी. महापालिकेच्या परवान्याचीही तेव्हाच आठवण करून द्या.

पिल्लू सकाळी आणि स्वतः नेऊन द्यावं, म्हणजे रात्रीच्या आत ते घर हुंगून होतं. गाडीत उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी तीनेक तास खाणं नको. सोबत लसीचं पुस्तक, चार-पाच दिवसांचं तेच खाणं, त्याच्या वासाचं फडकं, आणि फोन नंबर असलेला पट्टा. दूध-पोळीवर ठेवू नका, दुधाने पोट बिघडतं. भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन चालेल. कांदा, मनुके, चॉकलेट अजिबात नाही. पहिले एक-दोन दिवस पातळ शी होऊ शकते, पण उलटी, खाणं बंद आणि रक्ताची शी दिसली तर सकाळची वाट पाहू नये, डॉक्टर गाठावा.

दुसऱ्या दिवशी फोन करा, मग आठवड्याने आणि प्रत्येक लसीच्या तारखेला. चार-पाच महिन्यांना दात बदलताना ते चपला-सोफा कुरतडतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ऐकेनासं होतं. ‘परत घ्या’ असे फोन बहुधा याच दोन वेळी येतात, तेव्हा त्याआधीच एक फोन आपण करावा. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदीची तारीख ठरवून द्या, आणि डॉक्टरांचा कागद हाती आला की अनामत परत करा.