सा म्हणजे डो नव्हे : हंगेरीतले माझे पहिले पाच आठवडे

संगीतशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला हंगेरीला निघाले तेव्हा माझ्याकडे विशारद होती, शाळेत गाणं शिकवल्याची बारा वर्षं होती आणि एक भ्रमही होता. आपला सा कुठंही धरता येतो, त्यांचा डोही (डो-रे-मी-फा-सो-ला-टीमधला पहिला) सरकता, म्हणजे अर्धं काम घरूनच झालेलं! व्हिसा, राहणं, बॅगेत काय भरायचं यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

पहिले दहा दिवस छान गेले. हंगेरीचे संगीतकार आणि संगीतशिक्षक कोडाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीत सगळं आधी गळ्यातून येतं, कागद नंतर. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. या खुणा इंग्लंडमधल्या संगीतशिक्षक कर्वेनकडून आलेल्या, स्वरांच्या नावांचं मूळ अकराव्या शतकातल्या इटलीतल्या ग्विदो या संगीत शिकवणाऱ्या साधूकडे. चांगलं दिसेल ते बिनदिक्कत उचललंय, आणि मला ते आवडलं. लयीचे ‘टा’ (एक मात्रा) आणि ‘टी-टी’ (दोन अर्ध्या) तर ठेक्याची सवय असलेल्याला दोन दिवसांत जमतात. मी वहीत प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने सारगम लिहून घ्यायचे आणि वर्गात सगळ्यांच्या आधी गाऊन मोकळी व्हायचे.

ही पेन्सिल म्हणजे घात. आत्ताच सांगते, लिहू नका.

दुसऱ्या आठवड्यात मायनरमधलं (पाश्चात्त्य संगीतातली कोमल गंधाराची स्वरमालिका) एक लोकगीत आलं. कोमल गंधार ऐकू आला, मी खुशीत पहिला स्वर धरला, मूठ आवळली (डोची खूण मूठ) आणि ‘डो’ म्हणाले. आजूबाजूला पाहिलं तर बाकी सगळ्यांचे हात मनगटातून सैल लोंबत होते. ती लाची खूण. वीस-बावीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात माझी एकटीची मूठ. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, फक्त पुन्हा पहिल्यापासून गायला लावलं. मी पुन्हा मूठच केली.

गोंधळ कुठे आहे ते नीट समजून घ्या, कारण मला ते कुणी या भाषेत सांगितलं नाही. आपल्याकडे जिथे घर, तिथे सा. राग कुठलाही असो, सा हलत नाही. बाकीचे स्वर कोमल-तीव्र होतात. त्यांच्याकडे मेजरमध्ये (म्हणजे आपल्या बिलावलच्या सुरांत) घर डोवर असतं, मायनरमध्ये ते लावर जातं. स्वरांची नावं आपापल्या जागी राहतात, घर तेवढं हलतं. म्हणजे ही आपली मूर्च्छना! बिलावलचे सूर तसेच ठेवून धपासून धपर्यंत गा, आसावरी थाट मिळतो. रेपासून काफी, गपासून भैरवी, मपासून कल्याण, पपासून खमाज. फरक एवढाच की आपण नव्या घराला लगेच ‘सा’ म्हणून टाकतो आणि ते त्याला ‘ला’च म्हणत राहतात.

हे कळायला एक संध्याकाळ पुरली, गळ्यात उतरायला तीन आठवडे लागले. त्यात मी आणखी एक शहाणपणा केला होता. खोलीवर रियाझ करताना मोबाइलवर तानपुरा लावायचे. तो कानात ‘सा, सा’ म्हणत असताना तोंडाने ‘ला’ कसा यावा? तो अभ्यास तानपुरा बंद करूनच करा. सारगमचा रियाझ वेगळ्या वेळी, तेव्हा खुशाल लावा.

एका सीनियरने सल्ला दिला : ‘तू डोच म्हणत जा, अमेरिकेत म्हणतात.’ खरं आहे, तिथे बऱ्याच ठिकाणी मायनरही डोपासून गातात. पण मी अमेरिकेत नव्हते. असे सल्ले देणारे दयाळू असतात, परीक्षेला मात्र आपणच बसतो. म्हणून निघण्यापूर्वी अभ्यासक्रमाला एकच प्रश्न विचारा : तुमचा डो सरकता की स्थिर, आणि मायनर कुठून? फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये डो म्हणजे पियानोवरचा कायमचा सी स्वर, तिथलं दुखणं निराळं. हंगेरीत आणखी एक खडा आहे : पियानोवरच्या बीला ते ‘एच’ म्हणतात आणि बी फ्लॅटला नुसतं ‘बी’. माझी दोन श्रुतलेखनं (ऐकलेली चाल स्वरांत लिहून काढणं) यात गेली.

घाबरू नका. सुरांचा कान तुमच्याकडे आहेच, अडतं ते नावांपाशी. मला उपयोग झाला तो असा : रोज वीस मिनिटं, एकच छोटी चाल आधी सोल्फामध्ये (डो-रे-मीच्या नावांनी) हातांसकट, मग पाणी पिऊन, खोलीत एक फेरी मारून, तीच चाल सारगममध्ये. मध्ये भाषांतर करायचं नाही. कान तपासणारी ॲप्स मी काढून टाकली. ती बरोबर-चूक सांगतात, का चुकलं ते सांगत नाहीत.

पाचव्या आठवड्यात मायनरचं नवं गाणं सुरू झालं आणि हात आपोआप सैल लोंबला. मी मनात पेढे वाटेपर्यंत चौथ्या ओळीत, गाणं चालू असतानाच, डो दुसऱ्या सुरावर सरकला. सगळे वळले, मी सरळ गेले. शिक्षिका हसल्या, म्हणाल्या, ते पुढच्या महिन्यात.