दहा प्लॉटच्या सोयाबीनवरून शिका: वर्णन कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं

स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात सुरुवातीलाच डिस्क्रिप्टिव्ह (वर्णनात्मक) आणि इन्फरेन्शियल (अनुमानाचं) अशा दोन व्याख्या असतात, त्या सगळ्यांच्या पाठ असतात, आणि तरी हातात आकडे आले की आत्ता आपण यातलं नेमकं कुठलं करतोय ते सांगता येत नाही. ॲग्रीला असताना माझंही तेच होतं, सूत्रं येत होती पण ती कशासाठी आहेत ते कळत नव्हतं. ते कळलं पीक कापणी प्रयोग बघताना, बांधावर उभं राहून, म्हणून तिथूनच सांगतो. वही आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा, वाचता वाचता स्वतः करा.

महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, यंदा सोयाबीन किती उतरलं हे बघायला सगळी शेतं कापता येत नाहीत. मग काही शेतं रँडम पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडतात, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून रँडम नंबर येईल तितकी पावलं लांबीत आणि रुंदीत मोजतात, तिथे खुंटी ठोकून दोरी ताणतात आणि त्या चौकटीतलंच पीक कापून, मळून, उपणून वजन करतात. चौकटीचं माप पिकाप्रमाणे बदलतं, आपण १० बाय ५ मीटर धरू. म्हणजे ५० चौरस मीटर, म्हणजे प्लॉटमधल्या किलोला २०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन.

समजा दहा प्लॉटची वजनं किलोत अशी आली (सरावासाठी मी मांडलेले आकडे आहेत): ६.२, ५.८, ७.१, ४.९, ६.५, ५.४, ६.८, १.९, ६.०, ५.४.

पहिलं काम, आकडे चढत्या क्रमाने लिहा. खूप जण हे न करता थेट सूत्राकडे पळतात. ओळीत लावले की लगेच दिसतं, १.९ एकटाच लांब पडलाय, बाकी नऊ ४.९ ते ७.१ मध्ये आहेत. आता बेरीज ५६.०, भागिले १०, सरासरी ५.६. मध्यक म्हणजे मधल्या दोघांची, ५.८ आणि ६.० ची सरासरी, ५.९. बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, ५.४, पण दहा आकड्यांत एक आकडा दोनदा आला यावरून काही ठरत नाही, ते सोडून द्या. बघण्यासारखं हे की सरासरी मध्यकापेक्षा खाली आहे, कारण तो १.९ तिला खाली ओढतोय आणि मध्यकाला मात्र तो १.९ आहे का ४.० आहे याने काही फरक पडत नाही.

आता प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. हे एकदा तरी हाताने काढाच. प्रत्येक आकड्यातून ५.६ वजा करा: ०.६, ०.२, १.५, उणे ०.७, ०.९, उणे ०.२, १.२, उणे ३.७, ०.४, उणे ०.२. यांची बेरीज शून्यच येणार, येत नसेल तर कुठेतरी चुकलंय, हा चेक फुकटचा आहे तो सोडू नका. मग प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा, १९.३२ येते. त्यातले १३.६९ एकट्या १.९ चे आहेत! शंभरातले सत्तरच्या वर. बेरजेला ९ ने भागा, २.१५ आलं, वर्गमूळ १.४७. हीच एसडी.

१० ने का नाही भागलं? कारण सरासरी आपण याच दहा आकड्यांतून काढली, त्यामुळे नऊ फरक सांगितले की दहावा आपोआप ठरतो, बेरीज शून्य व्हायलाच पाहिजे ना. मोकळे असे नऊच उरतात. फक्त या दहा प्लॉटचंच वर्णन करायचं असतं तर १० ने भागलेलं चाललं असतं, पण आपल्याला पूर्ण मंडळातला चढउतार किती असेल ते अंदाजायचंय म्हणून ९. एक्सेलमध्येही यासाठी दोन वेगळी फंक्शन आहेत, शेवटी एस असलेलं नमुन्यासाठी आणि पी असलेलं पूर्ण समष्टीसाठी, म्हणजे सगळेच्या सगळे आकडे हातात असतील तेव्हा.

तो १.९ काढून टाकायचा का? काढला तर सरासरी ६.०१ होते आणि एसडी निम्म्यावर, ०.७२ वर येते, सगळं कसं छान दिसायला लागतं. म्हणूनच सांभाळून. आधी शोधा, वजन लिहिताना चूक झाली का, काटा नीट होता का. चूक सापडली तर दुरुस्त करा आणि तसं लिहा. पण त्या शेतात पाणी साचून पीक बसलं असेल तर तो आकडा खरा आहे, त्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, आणि मंडळात तशी आणखी शेतं असणारच. आपला हिशोब सुंदर दिसावा म्हणून त्याला वगळायचा आपल्याला काही अधिकार नाही.

९ ने भागायचं तेवढं सोडलं तर इथपर्यंत जे केलं ते सगळं वर्णनात्मक. या दहा चौकटींबद्दल आपण बोललो आणि त्यात शंकेला जागा नाही, सरासरी ५.६ म्हणजे ५.६. पण आपल्याला जाणून घ्यायचं होतं मंडळाबद्दल, म्हणजे ज्या शेतांत आपण पाय ठेवलेला नाही त्यांच्याबद्दल. तिकडे उडी मारली की अनुमान सुरू, आणि ती उडी मारायचा हक्क मिळतो फक्त रँडम निवडीमुळे. रस्त्यालगतची सोयीची दहा शेतं घेतली असती तर गणित अगदी असंच झालं असतं, उत्तरही आलं असतं, पण ते मंडळाचं उत्तर नसतं.

आणि निवड रँडम असूनही मोजताना घोळ होऊ शकतो. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, यांनी १९४० च्या दशकात नेमकं हेच दाखवून दिलं की अगदी छोट्या प्लॉटवरून काढलेलं उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं, आणि यावरून त्यांचा भारतातले मोठे संख्याशास्त्रज्ञ, खुद्द महालनोबिसांशी वाद झाला. कारण समजायला सोपं आहे. दोरीवरचं झाड आत धरायचं का बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १० बाय ५ च्या चौकटीला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर कड असते, १ बाय १ च्या चौकटीला एका चौरस मीटरमागे ४ मीटर, म्हणजे क्षेत्राच्या मानाने जवळजवळ सातपट कड. असे कितीही छोटे प्लॉट वाढवा, चूक एकाच बाजूला होत असेल तर ती सरासरीत जिरत नाही.

बरं, आपला नमुना नीट आहे असं धरून पुढे जाऊ. दुसरे दहा प्लॉट आले असते तर सरासरी ५.६ च आली असती का? नाही, थोडी हलली असती. किती, ते सांगते स्टँडर्ड एरर: एसडी भागिले प्लॉटच्या संख्येचं वर्गमूळ, १.४७ भागिले ३.१६, म्हणजे ०.४६. एसडी आणि स्टँडर्ड एरर यांत गल्लत करू नका, एसडी प्लॉट एकमेकांपासून किती वेगळे ते सांगते आणि स्टँडर्ड एरर आपली सरासरी किती डळमळीत ते. ही डळमळ निम्मी करायची तर प्लॉट दुप्पट करून भागत नाही, चौपट म्हणजे ४० लागतात.

आता मंडळाची खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकेल ती मर्यादा काढू. नमुना छोटा आहे म्हणून मोठ्या नमुन्यासाठीचं १.९६ नाही वापरायचं, छोट्या नमुन्यांसाठीच्या टी टेबलमध्ये ९ च्या ओळीत (मोकळे नऊ फरक, तेच हे ९) ९५ टक्क्यांसाठी २.२६ आहे ते घ्या. (हे टेबल ज्याच्यामुळे आलं तो गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता, बार्लीच्या अशाच मोजक्या आकड्यांशी झगडत, १९०८ साली त्याने स्टुडंट या टोपणनावाने पेपर छापला.) २.२६ गुणिले ०.४६ म्हणजे साधारण १.०५. म्हणून ४.५५ ते ६.६५ किलो, हेक्टरी साधारण ९१० ते १३३० किलो. याचा अर्थ असा की हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या सुमारे ९५ वेळा अशी मर्यादा खऱ्या सरासरीला पोटात घेते. मंडळातली ९५ टक्के शेतं या मर्यादेत आहेत असा अर्थ अजिबात नाही, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

शेवटी टेस्ट. समजा मंडळाचं उत्पादन हेक्टरी १३०० किलो, म्हणजे प्लॉटला ६.५ किलो असायला हवं होतं. (पीक विम्यात अशी टेस्ट लावत नाहीत, तिथे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे विम्यासाठी आधी ठरलेल्या पातळीशी, लावून बघतात, आपण शिकण्यासाठी करतोय.) नल हायपोथेसिस, म्हणजे जे आधी खरं धरून तपासायचं ते गृहीतक: खरी सरासरी ६.५ आहे. ५.६ वजा ६.५, भागिले ०.४६३, टी आला उणे १.९४. फरक दोन्ही बाजूंनी तपासायचा असेल तर २.२६ ओलांडायला हवं, ओलांडलं नाही, पी-व्हॅल्यू (अर्थ पुढे सांगतो, ०.०५ च्या खाली गेली तर नल नाकारतात) साधारण ०.०८, नल नाकारता येत नाही. पण उत्पादन कमी आहे का एवढंच, एकाच बाजूने विचारलं तर हद्द १.८३ आहे, ती ओलांडली, पी साधारण ०.०४, नल नाकारला!

तेच दहा प्लॉट, तोच टी, आणि निकाल उलटा. म्हणून प्रश्न एका बाजूचा की दोन बाजूंचा हे आकडे बघण्याच्या आधी वहीत लिहून ठेवायचं, तारखेसकट. आकडे बघून बाजू निवडली तर तो ०.०४ खोटा आहे. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की नल खरा असता तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ निवडीच्या योगायोगाने किती वेळा दिसला असता, नल खरा असण्याची शक्यता ती सांगत नाही. आणि नाकारता आला नाही म्हणजे उत्पादन १३०० आहे हे सिद्ध झालं असंही नाही, आपल्याच मर्यादेत ९१० सुद्धा बसतंय.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निष्कर्ष असा लिहा: दहा रँडम प्लॉट, सरासरी ५.६ किलो, एसडी १.४७, ९५ टक्के मर्यादा ४.५५ ते ६.६५, टेस्ट दोन बाजूंची (आधी तसं ठरवलं असेल तर), टी उणे १.९४, पी ०.०८. त्याखाली एक ओळ अजून, की एक प्लॉट १.९ चा आहे, तो वगळलेला नाही, आणि इतक्या छोट्या नमुन्यात असा लांबचा आकडा असला की टी-टेस्टवर जपूनच विसंबायचं.