‘याच विद्यापीठात का?’ या प्रश्नाचे उत्तर कसे लिहावे

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीच्या शेवटच्या वर्षापासून पुढे कधी ना कधी एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे लागते: तुम्हाला आमच्याकडेच का शिकायचे आहे? आपल्याकडील बहुतेक सरकारी विद्यापीठांत प्रवेश गुणांवर आणि प्रवेश परीक्षेवर ठरत असल्यामुळे हा प्रश्न फक्त परदेशी जाणाऱ्यांचा आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शिष्यवृत्तीच्या अर्जात, उन्हाळी प्रकल्पासाठी प्राध्यापकांना पाठवायच्या पत्रात आणि पीएचडीच्या मुलाखतीत तो हटकून समोर येतो, आणि त्या वेळी घाईघाईने लिहिलेले उत्तर बहुधा असे असते: ‘नामवंत प्राध्यापक, सुसज्ज प्रयोगशाळा, समृद्ध ग्रंथालय आणि संशोधनास पोषक वातावरण यांमुळे मी या विद्यापीठाची निवड केली आहे.’

या वाक्यातील विद्यापीठाचे नाव खोडून दुसरे कोणतेही घातले, तरी त्यात काडीचाही फरक पडत नाही, आणि नेमका हाच त्याचा दोष आहे. आपला मसुदा तयार झाला की हा प्रयोग त्याच्यावर करून पाहावा. नाव बदलल्यावर जो परिच्छेद कोलमडतो, तोच ठेवण्याजोगा असतो.

असा परिच्छेद कसा तयार होतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, मालवणची एक विद्यार्थिनी प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली आहे आणि तिला सागरविज्ञान शिकण्यासाठी गोवा विद्यापीठात जायचे आहे. तिने सुरुवात विद्यापीठापासून न करता आपल्या मनातील शास्त्रीय प्रश्नापासून करावी. ‘मला लहानपणापासून समुद्राची ओढ आहे’ हा प्रश्न नव्हे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक अर्जदाराला ती ओढ असतेच, आणि अर्ज वाचणाऱ्याने ते वाक्य आजवर असंख्य वेळा वाचलेले असते. पावसाळा ओसरताना रापणीला कधी भरघोस मासळी लागते आणि कधी जाळे जवळपास रिकामे येते, त्या दिवसांत किनाऱ्यालगतच्या पाण्यात ऑक्सिजन किती असतो, हा मात्र प्रश्न आहे. त्याला मोजता येण्याजोगे उत्तर असू शकते, म्हणून त्याच्याभोवती पुढचे सारे लिहिता येते.

प्रश्न हाती आला की त्याच्या आजूबाजूचे माहीत असलेले विज्ञान थोडे वाचून घ्यावे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले, पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर सरकते. पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर त्याच्यावर पसरतो, आणि तो हलका असल्यामुळे खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. परिणामी हवेतील ऑक्सिजन खाली पोहोचण्याचा मार्ग जवळपास बंद होतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन या प्रक्रियेचा अभ्यास केला आहे. एवढे वाचून झाले की गोव्यालाच जाण्याचे कारण शोधावे लागत नाही, ते आपोआप पुढे येते: विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, त्याच्या एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला जुवारी यांच्या खाड्या आहेत, आणि दोना पावलाची ही समुद्रविज्ञान संस्था तिथून फार दूर नाही.

येथे एक खबरदारी घ्यावी. ही संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची आहे, विद्यापीठाची नव्हे. तसेच जुवारीपलीकडे वास्कोला, हेडलँड सड्यावर असलेले ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही स्वतंत्र आहे. ‘विद्यापीठाच्या जहाजावरून मला समुद्रात जायला मिळेल’ असे लिहिणाऱ्याने माहिती काढलेली नाही, हे मुलाखत घेणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते. शेजारच्या संस्थांचा उल्लेख जरूर करावा, पण तेथील व्याख्याने ऐकण्याची किंवा प्रबंधासाठी तेथील मार्गदर्शक मिळवण्याची शक्यता म्हणूनच करावा, आणि तशी सोय खरोखर आहे का, हे विभागात विचारून घ्यावे.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. विभागाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि प्रत्येक सत्रातील विषयांची केवळ नावे न पाहता प्रात्यक्षिके व क्षेत्रकार्य किती आहे, हे पाहावे. मग दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडच्या चार-पाच वर्षांतील शोधनिबंध शोधावेत. सगळे निबंध समजण्याची अपेक्षा नाही. सारांश आणि आकृत्या सर्वांच्या पाहाव्यात, पण एक निबंध मात्र पूर्ण वाचावा, आणि त्यातही पद्धतीचा भाग दोनदा वाचावा, कारण पदवीच्या विद्यार्थ्याला आपले स्वतःचे काम आणि त्या विभागाचे काम यांचा सांधा बहुधा तिथेच सापडतो.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीला तो विंकलर पद्धतीत सापडू शकेल. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची ही जुनी पद्धत अनेक महाविद्यालयांत शिकवली जाते: नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड बाटलीच्या आत खोलवर सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची, तपकिरी साका खाली बसला की आम्ल घालायचे आणि सुटलेल्या आयोडिनचे थायोसल्फेटने अनुमापन करायचे. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन कमी असलेल्या नमुन्याचे उत्तर फुगून येते. खाडीच्या काठी उभे राहून असे नमुने घेताना आलेली एखादी अडचण आणि ती कशी सोडवली, हे दोन वाक्यांत लिहिले तर ‘मला प्रयोगांची आवड आहे’ हे सांगावेच लागत नाही.

या सगळ्यातून उत्तराचा गाभा साधारण असा होईल: ‘पावसाळ्यानंतर मालवणजवळच्या कर्ली खाडीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा थर किती काळ टिकतो आणि त्याखालच्या ऑक्सिजनवर त्याचा काय परिणाम होतो, हे मला अभ्यासायचे आहे. पदवीच्या प्रकल्पात मी विंकलर पद्धतीने पृष्ठभागाचे नमुने तपासले, परंतु खोलीनुसार क्षारतेची मोजमापे घेण्याची साधने माझ्याकडे नव्हती. मांडवी आणि जुवारी या पावसाळ्यात पूर्ण पालटणाऱ्या खाड्या विद्यापीठाच्या दाराशी आहेत. तेथे वर्षभर नियमित नमुने घेण्याचे शिक्षण मिळाले, तर तीच पद्धत मला कर्लीसाठी वापरता येईल.’ येथे नाव बदलून पुणे घातले तर परिच्छेद उभा राहत नाही.

संस्थेचा इतिहास उत्तरात ओतण्याचा मोह टाळावा. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले, समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालची आहे, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, ही सारी माहिती खरी आहे, पण वाचणाऱ्याला ती तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तिच्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही.

शुल्क परवडते, घर जवळ आहे, वसतिगृह मिळेल, ही कारणे लपवावीत का? माझ्या मते लपवू नयेत. एका वाक्यात, ओशाळेपणा न दाखवता लिहावीत. शिष्यवृत्तीच्या अर्जात तर ती आवश्यकच असतात. फक्त ती पहिल्या परिच्छेदात येऊ नयेत, कारण मग पुढचे विज्ञान मागाहून चिकटवल्यासारखे दिसते.

ब्रिटनमध्ये पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की यूकॅस या तेथील सामाईक प्रवेशव्यवस्थेच्या अर्जातील निवेदन सर्व निवडलेल्या विद्यापीठांकडे एकच जाते, म्हणून त्यात कोणत्याही विद्यापीठाचे नाव घालू नये. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलेले आहे आणि एकूण मर्यादा ४००० अक्षरांची आहे. तेथे ‘हेच विद्यापीठ का’ याऐवजी ‘हाच अभ्यासक्रम का’ याचे उत्तर अपेक्षित असते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र ‘हेच विद्यापीठ का’ असे सरळ विचारतात.

पहिला मसुदा मराठीत लिहावा, भले अर्ज इंग्रजीत का असेना. उसन्या वाक्यांची सवय त्याने बरीच सुटते. हा मसुदा विषय शिकवणाऱ्या एका शिक्षकाला आणि विज्ञानाशी संबंध नसलेल्या एका माणसाला वाचायला द्यावा, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांनाही त्याची प्रत द्यावी, म्हणजे दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगणार नाहीत. अर्ज पाठवल्यावर अंतिम प्रत स्वतःकडे जपून ठेवावी, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यातल्याच एखाद्या वाक्यावर येतो, आणि ज्या शोधनिबंधाचा उल्लेख केला आहे, तो आदल्या दिवशी पुन्हा वाचून जावा.