लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी

आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर मिठाई, साड्या किंवा महिन्याचा किराणा घ्यायला येणाऱ्या मराठी कुटुंबांना गस्तीची जी काळी-पांढरी गाडी दिसते, ती त्या शहराच्या पोलिसांची नसते, कारण आर्टेशियाला स्वतःचे पोलीस खातेच नाही. ती गाडी लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे अनेक शहरे सामावणाऱ्या जिल्ह्याच्या, शेरीफ खात्याची असते आणि शहर काउंटीला पैसे मोजून ही सेवा घेते. या खात्याच्या एका ठाण्यात लोकांचे फोन घेण्याचे आणि गस्तीच्या गाड्यांना कामे वाटून देण्याचे काम मी नागरी, म्हणजे पोलीस नसलेली, कर्मचारी म्हणून करते, त्यामुळे ओळखीच्या घरांतली मुले-मुली भरतीविषयी माझ्याकडे चौकशी करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ती गाडीच असते. खात्याचे केवढे तरी मनुष्यबळ तुरुंगांत आणि न्यायालयांत गुंतलेले आहे आणि नव्या माणसाची सुरुवात बहुधा तिथेच होते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

हे खाते कॅलिफोर्निया राज्याइतकेच जुने आहे. 1850 मध्ये काउंटी स्थापन झाली आणि जॉर्ज बरिल हे पहिले शेरीफ निवडून आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली अवघे दोन डेप्युटी, म्हणजे शेरीफचे पोलीस अधिकारी, होते. त्यांच्यानंतरचे शेरीफ जेम्स बार्टन 1857 मध्ये दरोडेखोर हुआन फ्लोरेसच्या टोळीच्या पाठलागावर मोजकी माणसे घेऊन गेले आणि वाटेत मारले गेले. शांतता राखणे, तुरुंग चालवणे आणि न्यायालयाचे हुकूम बजावणे ही तीन कामे तेव्हाही शेरीफकडे होती आणि आजही आहेत. आपल्याला मुंबईचे शेरीफपद ठाऊक असते ते वर्षभरासाठी दिला जाणारा मान म्हणून, आणि सुनील गावसकर यांच्यासारख्यांनी ते भूषवलेलेही आहे. मूळ इंग्रजी परंपरा एकच असली, तरी कॅलिफोर्नियात या पदाला मनुष्यबळ, शस्त्रे आणि मतपेटीतून आलेली सत्ता लाभली.

यातली मतपेटीची बाब भारतातून आलेल्या माणसाच्या सहजी पचनी पडत नाही. आपल्याकडे पोलीस आयुक्ताची नेमणूक सरकार करते आणि बदलीही सरकारच करते. इथे मात्र शेरीफ निवडून येतो आणि कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनेच ते बंधनकारक केले आहे. काउंटीचे पाच पर्यवेक्षक खात्याचा अर्थसंकल्प मंजूर करतात, पण शेरीफ त्यांचा नोकर नसतो. या रचनेमुळे एकेकाळी खात्याला विलक्षण स्थैर्य मिळाले. 1932 ते 1998 या काळात यूजीन बिस्कलूझ, पीटर पिचेस आणि शर्मन ब्लॉक असे तीनच शेरीफ झाले. त्याच रचनेची दुसरी बाजू नंतर दिसली. ब्लॉक यांच्यानंतरचे शेरीफ ली बाका यांना तुरुंगातील मारहाणीच्या केंद्रीय तपासात अडथळा आणल्याबद्दल 2017 मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये शंभरहून अधिक वर्षांत प्रथमच पदावरचा शेरीफ निवडणुकीत हरला, आणि त्याला हरवणारे अलेक्स व्हिलानुएव्हा स्वतः 2022 मध्ये रॉबर्ट लूना यांच्याकडून हरले. काही ठाण्यांत डेप्युट्यांच्या गोंदणधारी टोळक्यांचा प्रश्न इतका गाजला, की अशा टोळक्यांना मनाई करणारा कायदा राज्याला करावा लागला. मुलाखतीला जाणाऱ्याने हा इतिहास वाचलेला असावा, असे मी आग्रहाने सांगते, कारण खात्यावर बाहेरून नजर ठेवणारे नागरी देखरेख आयोग व महानिरीक्षक आणि अंगावरचे कॅमेरे यांच्याशी त्याचा संबंध पहिल्या वर्षापासून येणार असतो.

शहरांना सेवा विकण्याची पद्धत 1954 मध्ये लेकवूडने सुरू केली. शेजारचे लाँग बीच आपल्याला गिळंकृत करील या भीतीने लेकवूडच्या रहिवाशांनी वेगळे शहर स्थापन केले, परंतु पोलीस आणि इतर अनेक सेवा स्वतः उभारण्याऐवजी त्या काउंटीकडून कराराने घेतल्या. आज काउंटीतील 88 शहरांपैकी 42 शहरे शेरीफशी असा करार करतात. लॉस एंजेलिस शहराचे पोलीस खाते मात्र संपूर्णपणे वेगळे आहे. त्यांचा गणवेश गडद निळा, तर आमच्या डेप्युट्यांचा खाकी शर्ट आणि हिरवी पँट, त्यावर सहा टोकांचा तारा. फोनवर बसले की या रचनेचा अर्थ मिनिटामिनिटाला कळतो. घाबरलेला दुकानदार नुसते ‘पायोनियर बुलेव्हार्ड’ एवढेच सांगतो, पण तोच रस्ता नॉर्वाक, आर्टेशिया आणि सेरिटोस या शहरांतून जातो आणि ही तीन शहरे तीन वेगवेगळ्या ठाण्यांकडे आहेत. म्हणून काय घडले हे विचारण्याआधी मी जवळचा चौक विचारते. हिंदीत सुरू झालेले बोलणे अशा वेळी हिंदीतच पुढे नेता येते, आणि आपल्या भाषा येणाऱ्या माणसाचा ठाण्याला होणारा उपयोग तिथे दिसतो.

न्यायालयाच्या कामाबद्दल उमेदवार क्वचितच विचारतात. आपल्याकडे बेलिफ जे करतो, ते इथे डेप्युटी करतो. घरमालकाच्या बाजूने निकाल लागला की डेप्युटी आधी भाडेकरूच्या दारावर पाच दिवसांची नोटीस लावतो, आणि मुदत संपल्यावर येऊन, घर रिकामे असल्याची खात्री करून ताबा मालकाला देतो. चित्रपटात न दिसणारे हे काम मनावर ताण आणणारे आहे, कारण दारात उभी असलेली माणसे गुन्हेगार नसतात.

आणि मग तुरुंग. लॉस एंजेलिस काउंटीची तुरुंगव्यवस्था देशातील सर्वांत मोठ्या तुरुंगव्यवस्थांपैकी एक आहे. 1963 मध्ये उघडलेला मेन्स सेंट्रल जेल, त्याच्यालगतचे ट्विन टॉवर्स, लिनवूडचा महिलांचा तुरुंग आणि कास्टेकमधील पिचेस यांच्या नावाचे संकुल हे सारे याच खात्याकडे आहे. यांत कच्चे कैदी मोठ्या संख्येने असतात, आणि 2011 मधील राज्याच्या सुधारणेनंतर काही गुन्ह्यांतील लांब शिक्षाही काउंटीच्या तुरुंगातच भोगल्या जातात. मानसिक आजाराचे कैदी इतके आहेत, की नव्या डेप्युटीला कायद्याइतकेच रुग्णांशी वागणेही शिकावे लागते. अकादमीचे सुमारे 22 आठवड्यांचे प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेला डेप्युटी सहसा प्रथम इथे येतो, आणि गस्तीची जागा मिळेपर्यंत त्याची काही वर्षे कोठड्यांच्या रांगांमध्ये जातात. माझ्या ओळखीतल्या काहींना ही शिक्षा वाटली, तर काहींनी इथेच बोलून प्रसंग निभावण्याचे कौशल्य कमावले आणि पुढे रस्त्यावर ते त्यांच्या उपयोगी पडले. मला दुसऱ्यांचे पटते, पण पहिल्यांची निराशा खोटी म्हणता येत नाही.

ज्यांना शस्त्र नको आहे त्यांनी कस्टडी असिस्टंट किंवा माझ्यासारख्या नागरी पदांचा विचार करावा. कस्टडी असिस्टंट तुरुंगात डेप्युटीच्या बरोबरीने कैद्यांवर लक्ष ठेवतो, पण त्याला शांतता अधिकाऱ्याचे, म्हणजे पोलिसाचे, अधिकार नसतात.

डेप्युटी होण्यासाठी नेमणुकीच्या वेळी किमान 21 वर्षे वय लागते. लेखी आणि शारीरिक चाचणीनंतर पूर्वायुष्याची चौकशी, पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी), वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी होते. 1 जानेवारी 2023 पासून राज्याच्या कायद्यात अमेरिकी नागरिकत्वाची अट राहिलेली नाही, मात्र केंद्रीय कायद्यानुसार काम करण्याचा अधिकार असावा लागतो. आपल्या मुलांचा वेळ जातो तो पूर्वायुष्याच्या चौकशीत. भारतातील कॉलेज, जुनी भाड्याची घरे, अर्धवट सोडलेल्या नोकऱ्या यांची कागदपत्रे मागाहून मिळवणे जिकिरीचे होते, म्हणून ती भरतीच्या अर्जाआधीच गोळा करावीत आणि प्रत्येक नोकरी का सोडली हे खरे तेच लिहावे. क्षुल्लक चुकीपेक्षा ती लपवण्याचा प्रयत्न उमेदवाराला अधिक महागात पडतो.